गहू पोत्यात गेल्यावर आलेली सायकल

दिवाळीत पूर्ण पैसे भरून जाड टायरची इलेक्ट्रिक माउंटन बाईक बुक केली. रात्रीची लाइट असली की गव्हाला दारं धरायला जायचं, म्हणूनच. "पंधरा दिवसांत देतो" म्हणाले. मग दर फोनला एकच, "वरून माल आला नाही." आली तेव्हा गहू पोत्यात!

गाडी झ्याक आहे, खोटं कशाला बोलू. 250 वॅटची मोटर, 25 च्या पुढं मदत बंद, त्यामुळं लायसन-पासिंगची कटकट नाही. खडीचा चढ दम न लागता चढते. फक्त ओल्या काळ्या रानात घालू नका, चिखल बसला की ढकलताना घाम फुटतो.

माझं मत, पावतीवर तारीख लिहून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊच नका. परवा जादा बॅटरी सांगितली, निम्मेच दिलेत.