हातातील ग्रंथालय आणि मनातील प्रश्न



मुक्त विद्यापीठातून मराठीची पदवी घेणारी व्यक्ती बहुधा आधी शेतकरी, नोकरदार, गृहिणी किंवा मजूर असते आणि मग विद्यार्थी. तिच्या वाट्याला अभ्यासपुस्तिका येते, अभ्यासकेंद्रावरील मोजकी संपर्कसत्रे येतात आणि परीक्षा जवळ आली की बाजारातील ‘गाईड’ येते. अमरावती किंवा अकोला शहरात राहणाऱ्यास निदान ग्रंथालय गाठता येते. धारणी, चिखलदरा, पातूर किंवा तेल्हारा तालुक्यातील विद्यार्थ्याला मात्र एका संदर्भग्रंथासाठी दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठावे लागते, आणि तेथेही तो ग्रंथ घरी नेता येईलच असे नाही. परिणामी आपण ग्रंथांविषयी वाचतो. ग्रंथ वाचत नाही. ‘लीळाचरित्रा’ची वैशिष्ट्ये आपल्याला मुखोद्गत असतात, पण त्यातील एखाद्या शब्दापाशी अडून त्याचा अर्थ स्वतः शोधण्याचा अनुभव पदवी हाती येईपर्यंत अनेकांना मिळत नाही.

ही उणीव आज बऱ्याच अंशी भरून काढता येते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठीतील अनेक मोलाचे संदर्भग्रंथ संकेतस्थळांवर विनामूल्य खुले झाले आहेत आणि साध्या मोबाइलवरही ते वाचता येतात. तथापि उपयुक्त संकेतस्थळांची यादी उतरवून घेतल्याने फारसे साधत नाही. अशा याद्या वहीत राहतात आणि काही दिवसांनी विसरल्या जातात. मनात स्वतःचा प्रश्न असेल, तरच ही भांडारे उपयोगी पडतात. म्हणून येथे यादी न देता काही प्रश्नांच्या आधारे ही वाट आपण चालून पाहू.

ज्ञानकोशाची परंपरा आणि अमरावती

सर्वसामान्य मराठी वाचकाला जगाचे ज्ञान त्याच्या भाषेत मिळावे, ही कल्पना संगणकयुगातील नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड सिद्ध केले, त्यांचे प्रकाशन १९२० पासून सुरू झाले. केतकरांचा जन्म रायपूरचा, पण त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परतले. ज्ञानकोशाच्या कार्याचा आरंभ त्यांनी नागपुरात केला आणि नंतर ते पुण्यास नेले. पाठीशी सरकारी तिजोरी नसताना भागभांडवल आणि वर्गणीदार गोळा करून हे काम उभे राहिले.

हा ज्ञानकोश आता यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या प्रयत्नांतून संकेतस्थळावर उपलब्ध आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘मराठी विश्वकोश’. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून या कार्याचा आरंभ झाला. पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा खंड २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे वीसही खंड आज मोबाइलवर शोधता येतात. ज्या ग्रंथांसाठी एकेकाळी कपाट लागे, ते तेल्हाऱ्यातील शेतमजूर स्त्रीलाही तितकेच खुले आहेत. अडचण इतकीच, की हे तिला कोणी सांगितलेले नसते.

एका म्हणीचा माग

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. हे सोने कोणते, आणि ते कोणाचे? हा प्रश्न घेऊन शोध आरंभला, तर काय हाती लागते ते पाहू.

विश्वकोशातील ‘विदर्भ’ आणि ‘कापूस’ या नोंदी वाचल्या, की प्रदेशाचे आणि पिकाचे सर्वसाधारण चित्र मिळते. त्यानंतर जिल्हा गॅझेटिअरांकडे वळावे. अमरावती जिल्ह्याचे गॅझेटिअर १९६८ मध्ये आणि अकोला जिल्ह्याचे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. राज्याच्या दर्शनिका विभागाने असे ग्रंथ संकेतस्थळावर ठेवले आहेत. त्याहून मागे जावयाचे असल्यास ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या जागतिक ग्रंथसंग्रहात आल्फ्रेड लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर मिळते. ते इंग्रजीत आहे. पण शब्दकोश जवळ ठेवून चार पाने वाचणे पदवीच्या विद्यार्थ्यास अशक्य नाही.

या वाचनातून एक कहाणी उलगडत जाते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव भडकले. अकोला व बडनेरा मार्गे जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. काळ्या मातीतील कापूस याच मार्गाने मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला. मात्र युद्ध संपताच भाव कोसळले, आणि शतक संपताना, १८९९–१९०० मध्ये, याच संपन्न समजल्या गेलेल्या प्रदेशाने भीषण दुष्काळ सोसला.

येथे म्हणीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. सोने होते हे खरे. परंतु ते व्यापाऱ्याच्या पेढीवर किती साचले, सरकारच्या महसुलात किती गेले आणि पेरणाऱ्याच्या घरात किती राहिले? लायल हे राज्यकर्त्यांचे अधिकारी होते. शेतसारा, पीक आणि प्रजा यांचा अंदाज यावा म्हणून अशा ग्रंथांची रचना होत असे. त्यांतील माहिती बहुमोल आहे, पण ती शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलेली नाही. आजही कापसाच्या भावावर ज्याच्या घरचे वर्ष ठरते, अशा विद्यार्थ्याला ही गोष्ट कोणत्याही प्राध्यापकापेक्षा लवकर उमगेल. त्याच्या घरातील आठवणी आणि गॅझेटिअरची पाने यांची सांगड घालू शकणारा वाचक तोच आहे.

रिद्धपूरचा शब्द

दुसरा प्रश्न भाषेचा घेऊ. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाच्या या तीर्थस्थानी श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य होते आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’ची सिद्धता येथेच केली, असे आपण अभ्यासक्रमात शिकतो. मराठी भाषेच्या विद्यापीठासाठीही याच गावाची निवड झाली. परंतु त्या काळच्या मराठीतील एखादा शब्द अडला, तर रिद्धपूरपासून काही कोसांवर राहणाऱ्या विद्यार्थ्याने कोठे पाहावे?

शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश एका संकेतस्थळावर एकत्र केले आहेत. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्राचीन मराठीचा कोश तेथे आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती तेथे आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही तेथेच आहे. आपल्या अंगणातील शब्दाचा अर्थ सातासमुद्रांपलीकडच्या संकेतस्थळावर सापडावा, याची थोडी खंत वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्यांनी हे कोश जतन करून सर्वांना खुले केले, त्यांच्याविषयी कृतज्ञताही असावी.

दाते–कर्वे यांच्या कोशात प्रदेशविशिष्ट शब्दांपुढे त्या प्रदेशाचे संक्षिप्त चिन्ह दिलेले आढळते. वऱ्हाडीचीही तेथे दखल आहे. पऱ्हाटी, तुराटी, डवरा, वखर, तिफण, सरते हे शब्द आपण स्वतः शोधून पाहावेत. घरी जो शब्द बोलताना शाळेत संकोच वाटला, तो कोशाच्या पानावर छापलेला दिसला की आपल्या बोलीकडे पाहण्याची नजर बदलते. एखादा शब्द सापडला नाही, तर तो वहीत लिहून ठेवावा. अर्थ, वापरातील वाक्य आणि तो ज्या गावात ऐकला त्याचे नाव, एवढी नोंद भाषाअभ्यासाच्या दृष्टीने मोलाची ठरते. समीक्षेतील पारिभाषिक संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही संकेतस्थळावर खुले आहेत.

विश्वास कशावर ठेवावा?

महाजालावर खरे आणि खोटे शेजारी शेजारी नांदते, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक मजकुराला तीन प्रश्न विचारणे: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कशाच्या आधारे लिहिले?

‘केव्हा’ या प्रश्नाचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. विश्वकोशाच्या पहिल्या खंडातील अकोला जिल्ह्याची मूळ नोंद १९७६ च्या आधी लिहिलेली आहे. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १९९८ मध्ये. त्यामुळे त्या नोंदीतील क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि तालुके आजच्या अकोला जिल्ह्याचे म्हणून उत्तरपत्रिकेत लिहिले, तर ते चूक ठरेल. नोंद खोटी नाही. ती आपल्या काळाची आहे.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्यात कोणीही भर घालू शकतो. म्हणून तेथील लेखाखालचे संदर्भ आणि पानाचा इतिहास पाहण्याची सवय लावावी. संदर्भ नसलेले विधान पुढील शोधाचे सूचक मानावे, पुरावा मानू नये. आता प्रश्न विचारताच फोन तयार उत्तरही देऊ लागला आहे. ते सफाईदार असते, म्हणून ते खरे असतेच असे नाही. त्यालाही हेच तीन प्रश्न लागू आहेत.

एक पथ्य आणखी पाळावे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या ग्रंथावर स्वामित्वहक्क असतो. केतकर १९३७ मध्ये निवर्तले. त्यांचे लेखन आज सर्वांचे आहे. परंतु हयात लेखकाची कादंबरी कोणी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली, तर ते ज्ञानदान नव्हे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके स्वतःहून विनामूल्य खुली केली आहेत. आधी ती पाहावीत.

मर्यादा आणि जबाबदारी

मेळघाटात नेटवर्क मिळत नाही, घरात एकच फोन असतो आणि तो मुलांच्या अभ्यासासाठीही लागतो, या अडचणी खऱ्या आहेत. त्या शासनाने आणि विद्यापीठाने दूर कराव्यात, अशी मागणी आपण केलीच पाहिजे. अभ्यासकेंद्रांनीही संपर्कसत्रातील निदान एक तास कोश व विश्वकोश कसा पाहावा यासाठी राखून ठेवावा. तोपर्यंत काही गोष्टी करता येतात. तालुक्याच्या गावी आल्यावर हवी ती पाने उतरवून घ्यावीत. चार-पाच सहाध्यायांनी विषय वाटून घेऊन एकमेकांस सांगावेत. फोनवर वाचलेले गावच्या ग्रंथालयातील पुस्तकाशी ताडून पाहावे. संकेतस्थळ हे ग्रंथालयाला पर्याय नाही. ग्रंथालयात गेल्यावर काय मागावे, हे मात्र ते नक्की शिकवते.

पदवीमुळे नोकरीत बढती मिळेल, मिळणारही नाही. परंतु ज्याने एका म्हणीचा, एका शब्दाचा किंवा आपल्या गावाच्या नावाचा शोध स्वतः घेतला, तो दुसऱ्याने काढलेल्या निष्कर्षांवर अवलंबून राहत नाही. ही पुस्तिका बाजूला ठेवण्यापूर्वी आपल्या घरातील, शेतातील किंवा बोलीतील एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. या आठवड्यात विश्वकोश, ज्ञानकोश आणि शब्दकोश या तिन्ही ठिकाणी त्याचे उत्तर पाहा. तिघांत फरक आढळला, तर तो का आहे हेही लिहा. पुढील संपर्कसत्रात त्या फरकावरच चर्चा व्हावी.