भिंतीवरची रिकामी जागा

आमच्या घरी नवा पाहुणा आला की चहाचा कप हातात घेता घेता त्याची नजर समोरच्या भिंतीवर जाते. तिथे आईचा फोटो आहे. मग तो इकडेतिकडे पाहतो आणि जरा अवघडून विचारतो, ‘‘आणि वडिलांचा?’’

वडिलांचा फोटो आमच्याकडे नाही. होता, एकच होता. तो कसा गेला, ही एका परीने माझ्या आईचीच गोष्ट आहे. दिवाळीत गेलेली माणसे जरा अधिकच आठवतात, म्हणून ती आज सांगतो.

आई वाईची. जन्म 1922 चा. कृष्णेच्या घाटावर खेळली, व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाली आणि 1941 साली लग्न होऊन पुण्याला शनिवार पेठेतल्या एका वाड्यात आली. तळमजल्यावर दोन खोल्या, चौकात हौद, मागे विहीर. वडील छापखान्यात खिळे जुळवीत. 1955 साली विषमज्वराने ते गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण दोन वर्षांची. मामा न्यायला आले. आई म्हणाली, ‘‘सासूबाई इथे आहेत, मुलाची शाळा इथे आहे. मी इथेच राहीन.’’ चौदा वर्षे ट्रंकेच्या तळाशी पडून असलेले परीक्षेचे सर्टिफिकेट तिने बाहेर काढले आणि महापालिकेच्या शाळेत मास्तरीण झाली.

वाड्याचीही ती मास्तरीणच होती. 1 एप्रिल 1957 ला नये पैसे आले तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या तिच्याभोवती ओसरीवर जमल्या. आणा म्हणजे 6 नये पैसे, हे त्यांना पटले. पण चार आणे म्हणजे 24 नव्हे, 25, हे काही केल्या पटेना. ‘‘हा वरचा एक पैसा आला कुठून गं?’’ असे माझ्या आजीने तिला निदान दहा वेळा विचारले असेल. आई दहाही वेळा न चिडता सांगत बसली.

आमच्या समोरच्या खोलीत एक काकू राहत. त्याही एकट्या, पदरी एक मुलगा. साऱ्या पेठेचे परकर-पोलके त्या शिवायच्या. रात्री त्यांच्या पायमशीनचा आवाज ऐकतच आम्ही झोपत असू.

आणि मग 12 जुलै 1961 चा बुधवार उजाडला. पानशेतचे धरण अजून पुरते बांधूनही झाले नव्हते. आदल्या रात्री जवान तिथे वाळूची पोती रचत होते. सकाळी ते फुटले. खालच्या खडकवासल्यालाही तो लोंढा पेलवला नाही. त्याच दिवशी तेही गेले. लकडी पुलावरून पाणी वाहिले. हे सारे आम्हांला मागाहून कळले. त्या वेळी कळले ते इतकेच, की गल्लीतून माणसे ‘‘पाणी आलं, पाणी आलं’’ म्हणत धावताहेत आणि चौकात घोट्याएवढे गढूळ पाणी आहे.

आईने आधी आजीला आणि बहिणीला माडीवर पोचवले. मी देव आणि पिठाचा डबा नेला. परत खाली आलो तेव्हा पाणी गुडघ्याला लागले होते. आणखी एक खेप कशीबशी झाली असती. मी ओरडलो, ‘‘आई, ट्रंक!’’ ट्रंकेत तिचा शालू होता, सर्टिफिकेट होते आणि बाबांचा तो एकुलता एक फोटो होता. भिंतीला ओल यायची म्हणून पावसाळ्यात तो आम्ही ट्रंकेत ठेवीत असू.

आई ट्रंकेकडे वळली. क्षणभर थांबली. मग सरळ समोरच्या खोलीत शिरली. काकू शिवलेले कपडे पोचवायला मंडईकडे गेल्या होत्या, मुलगा आजोळी होता. आईने मशीनचा पट्टा काढला, दोन स्क्रू सोडवले आणि मशीनचा वरचा भाग छातीशी धरून जिना चढू लागली. मी मागे उभा राहून ‘ट्रंक, ट्रंक’ म्हणत होतो. तिने मागे वळून पाहिले नाही.

संध्याकाळी मागची भिंत कोसळली. तोवर आम्ही शेजारच्या दगडी वाड्यात गेलो होतो. पाणी ओसरल्यावर आमच्या खोलीत कमरेएवढा चिखल सापडला. ट्रंक सापडली नाही. मशीनचे लोखंडी पाय मात्र जागच्या जागी उभे होते.

त्या रात्री मी आईला म्हणालो, ‘‘तूच बाबांना बुडवलंस.’’

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून विहिरीचा गाळ उपसायला लागली. धरण गेले म्हणजे शहराचे पाणीही गेले, हे तिच्या आधी ध्यानात आले होते. वाड्यावाड्यांतल्या बुजत चाललेल्या विहिरींना तेव्हा पुन्हा चांगले दिवस आले.

त्या वर्षीची दिवाळी एका शाळेच्या वर्गात झाली. मदत म्हणून मिळालेल्या कापडाचे काकूंनी रात्र रात्र बसून सदरे आणि फ्रॉक शिवले. मुलगा उपाशी राहिला नाही, उलट आणखी चार घरची पोरे नव्या कपड्यांत दिसली. माझा सदरा मी आठ दिवस अंगाला लावला नाही. आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नवव्या दिवशी थंडी वाजली आणि मी तो मुकाट्याने घातला.

दिवस पालटले. पुढे आम्हांला स्वतःचे घर झाले. आई निवृत्त झाली आणि ‘आजी’ झाली. पावकी-निमकी-दिडकी आता नातीच्या वाट्याला आली. चकलीच्या भाजणीचे प्रमाणही ती पाढ्यासारखेच म्हणून घेई. इतका लाड आणि इतकी शिस्त एकाच माणसाकडे कशी, याचे नातीला नवल वाटे.

1997 साली नातीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितले होते. प्रत्येकाचा फोटो चिकटवायचा. ती आजीकडे गेली. मी शेजारच्या खोलीत होतो. आईने तिला पुराची सगळी हकीगत सांगितली. नात म्हणाली, ‘‘पण आजी, आधी ट्रंक का नाही घेतलीस?’’

आई म्हणाली, ‘‘अगं, तुझे आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांना आता पाण्याचं काय भय? काकूंचा मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी जेवायला मागणार होता.’’

मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘पेन्सिल घे. मी सांगते तसं काढ. भुवया जाड. डाव्या गालावर तीळ. नाही, इतका मोठा नको. आणि हसताना खालचा ओठ जरा वाकडा व्हायचा.’’ तासभर त्या दोघी बसल्या होत्या. पुसून पुसून कागद फाटायला आला. शेवटी आई म्हणाली, ‘‘हं. आता थोडे आलेत.’’ वही तपासून परत आली तेव्हा त्या चित्राखाली लाल शाईने लिहिले होते, ‘फोटो चिकटवावा.’ आई खूप हसली.

मी त्या वेळी आत जायला हवे होते. छत्तीस वर्षांपूर्वीचे ते एक वाक्य परत घ्यायला हवे होते. उद्या बोलू, असे म्हणून मी बाहेरच्या बाहेर फिरायला निघून गेलो. असे उद्या पुष्कळ आले. 2004 साली आई गेली. त्या दिवशी काकूंचा मुलगा सर्वांच्या आधी आला. माझ्या बहिणीकडे भाऊबीजेला तो आजही येतो. 1961 पासून एकही वर्ष चुकलेले नाही.

आईचे फोटो आता आमच्याकडे पुष्कळ आहेत. नातीच्या लग्नात लावायला म्हणून त्यांतला एक मोठा करून घेतला, तोच भिंतीवर आहे. पण नरक चतुर्दशीला पहाटे पणत्या लावताना मला त्यातली आई आठवत नाही. आठवते ती पाठमोरी, ओल्या लुगड्यात, छातीशी ओझे धरून जिना चढणारी. तिचा फोटो कोणी काढलेला नाही.