दलाली वीस रुपये, पण महिन्यातून किती वेळा?



गेल्या महिन्यात माहीमला एका वाडीत पानवेलीची मूळकूज पाहायला गेलो होतो. रोगाचे बोलणे आटोपले, चहा आला, तेव्हा वाडीच्या मालकांनी हळूच विषय काढला. "साहेब, धाकटा तारापूरला कारखान्यात आहे. भूसंपादनात गेलेल्या जमिनीचे पैसे शेअरबाजारात घालू म्हणतो. दलाली आता जवळजवळ फुकट झाली आहे म्हणे. पण फुकट कोण कुणासाठी राबतो?"

प्रश्न लाख मोलाचा होता. अडत आपल्याला नवीन नाही. माल विकला की अडत्या आपला टक्का कापून घेई. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरवले. शेअरदलालाचे काम अडत्यासारखेच. फरक इतका, की तिथे घेणाराही दलाली देतो आणि विकणाराही.

मुंबईत १८५० च्या सुमारास हे दलाल टाऊन हॉलजवळ वडाच्या झाडाखाली जमत. १८७५ मध्ये त्यांनी संघटना बांधली, तोच मुंबई शेअरबाजार. पुढे शंभराहून अधिक वर्षे बाजारात शिरायचे तर मूठभर दलालांमार्फतच, अशी स्थिती होती. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजाराने संगणकावर व्यवहार सुरू केले आणि मक्तेदारी ढिली झाली. १९९६ पासून कागदी शेअर जाऊन डीमॅट खाते आले. २०१० मध्ये बंगळुरूच्या झिरोधाने टक्केवारी सोडून प्रत्येक सौद्याला ठरावीक रक्कम, फार तर २० रुपये, घ्यायला सुरुवात केली. मग चढाओढच लागली. २०२३ मध्ये ग्राहकसंख्येत ग्रो ही कंपनी पुढे गेली. जुन्या दलालांनाही दर उतरवावे लागले.

यात ग्राहकाचा फायदा झाला, हे खरे. पूर्वी शेकडा अर्धा टक्का दलालीने ५० हजारांच्या शेअरना २५० रुपये पडत. शेअर घेऊन ठेवणाऱ्यांची दलाली काही कंपन्यांनी माफच केली. मग या कंपन्या जगतात कशावर? रोज घेणे-विकणे करणाऱ्यांवर, त्यातही 'फ्युचर्स-ऑप्शन्स'च्या सौद्यांवर. यात बहुधा शेअर हाती येत नाही. भाव चढेल की उतरेल, यावर ठरलेल्या मुदतीत पैसे लावायचे. तुम्हाला नफा होवो वा तोटा, दलालाचे २० रुपये सुटत नाहीत.

संध्याकाळी धाकटा कामावरून आला. त्याला म्हटले, "गेल्या महिन्याचे सौदे मोज बघू." मोबाइल पाहून तो म्हणाला, "एकशेबारा." म्हणजे नुसती दलाली २,२४० रुपये, कर वेगळे. वडिलांनी एवढेच विचारले, "आणि मिळाले किती?" पोरगा खाली मान घालून बसला.

तो एकटा नाही. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला. फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला होता. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर होता. त्यानंतर सेबीने असे सौदे महाग आणि कमी केले. दलाल कंपन्यांची मिळकत त्यामुळे आकसली. आता त्या शेअर घेण्यासाठी कर्ज, विमा, फंड असे आणखी काही विकायला तुमच्यापुढे येतील. तेव्हा सावध असावे.

माझ्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

१. दलालाची सेबीकडे नोंदणी आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहा. व्हॉट्सॲपवर खात्रीचा नफा सांगणारा दलाल नव्हे, ठग समजा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

२. पैसे कोणा माणसाच्या खासगी खात्यावर भरू नका. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका.

३. बाजाराकडून येणारे संदेश आणि डीमॅटचा उतारा वाचत जा. आपण न केलेला सौदा दिसला, तर त्याच दिवशी तक्रार करा.

४. पीककर्जाचा, दागिन्यांवर उचललेला किंवा जमिनीचा पैसा रोजच्या सौद्यांत घालू नका.

शेअरबाजार वाईट, असे मी म्हणत नाही. चांगल्या कंपनीचा शेअर किंवा फंड घेऊन वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला स्वस्त दलालीचा उपयोगच होतो, मात्र भाव पडले तरी घरची चूल अडणार नाही एवढेच पैसे त्यात असावेत. माहीमच्या त्या घरी आधी सोसायटीचे कर्ज फेडायचे, मोठा भाग बँकेत मुदतीने ठेवायचा आणि धाकट्याने आपल्या पगारातून दरमहा थोडे फंडात घालायचे, असे ठरले. निघताना मालकीणबाई म्हणाल्या, "साहेब, पुढच्या खेपेला त्याचा मोबाइलही तपासा, नुसती मुळे नकोत."