शिष्यवृत्ती मिळाली, खोलीचे काय?

बारावीचे निकाल लागले की आपल्या शहरात घरोघरी पेढे वाटले जातात आणि त्यांच्याबरोबर एक वाक्यही हमखास कानी येते : 'मूल हुशार असेल तर त्याला कोण अडवणार?' वाक्य गोड आहे. पण ज्या बडोद्यात आपण ते उच्चारतो, त्या बडोद्याचा इतिहास त्याला साक्ष देत नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेचे दार असे उघडले. पण कॉलेजचे दार उघडण्यास आणखी काय लागते, हे भीमराव आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. त्यांच्या बुद्धीविषयी आज कोणास शंका नाही. तरीही त्या बुद्धीला केळुसकर गुरुजींसारखा पाठीराखा लागला, मुंबईत शिकताना महाराजांची दरमहा मदत लागली, आणि १९१३ साली संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हाच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची वाट मोकळी झाली.

पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यास ते १९१७ साली बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. परिचितांनी सबबी सांगितल्या. ज्या शहराच्या खजिन्याने त्यांना सातासमुद्रापार शिकवले, त्या शहरातील एकही घर त्यांना एक खोली देऊ शकले नाही. खजिना राजाचा होता. घरे मात्र आपली होती.

आज कायदा बदलला आहे, वसतिगृहे आहेत, राखीव जागा आहेत. तरी २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण एकूण २८.४ टक्के असताना अनुसूचित जातींत ते २५.९ व अनुसूचित जमातींत २१.२ टक्केच होते. ही तूट बुद्धीची आहे असे कोण म्हणेल? प्रवेश परीक्षेच्या क्लासची फी, शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंतचे महिने, इंग्रजी पुस्तकांची धास्ती, आणि अर्ज कोणता व कधी भरावा हे सांगणारे घरात कोणी नसणे, या सर्वांची ती बेरीज आहे.

आपल्या जुन्या घराण्यांना ही बेरीज जाणवत नाही, कारण आपली वजाबाकी आजोबा-पणजोबांनी आधीच करून ठेवली. संस्थानच्या नोकरीने आपल्याला पगार दिला, पगाराने पुस्तकांचे कपाट दिले, आणि कपाटाने 'कॉलेजात जायचेच' ही सवय दिली. आपण त्या सवयीलाच हुशारी म्हणतो.

शिष्यवृत्त्या वेळेवर द्याव्यात, असे आम्ही सरकारास सांगूच. पण आपल्या वाड्यातील वरची रिकामी खोली सरकारच्या ताब्यात नाही. खेड्यातून आलेला एखादा विद्यार्थी ती विचारण्यास दारी येईल, तेव्हा त्याचे आडनाव ऐकून आपला चेहरा बदलू नये. त्याला खोली द्यावी, आणि संध्याकाळी अर्धा तास त्याच्या अर्जापुस्तकांकडेही पाहावे. १९१७ साली या शहराने जे नाकारले, ते आज देण्यास कोणत्याही महाराजांच्या हुकुमाची गरज नाही.