फोन बंद केल्यावर किती आले?

गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी सातवीला गणित शिकवतो. गेल्या पावसाळ्यात एक छोटा प्रयोग केला. शेकडेवारीचा धडा झाल्यावर ज्यांना घरी स्मार्टफोन मिळतो त्यांना सांगितले, एआयला विचारून दहा गणिते सोडवून आणा. बाकीच्यांनी नेहमीसारखी स्वतः सोडवायची. दुसऱ्या दिवशी फोनवाल्यांच्या वह्या पाहून मी खूश झालो. एकही चूक नाही, पायऱ्याही नीटनेटक्या.

आठवड्याने तशीच गणिते फळ्यावर दिली. फोन नाही, जुनी वही नाही. नीटनेटक्या वह्यांची निम्मी मुले पहिल्याच पायरीला अडली. खाडाखोडीची वही आणणारी एक मुलगी मात्र सावकाश का होईना, शेवटपर्यंत गेली. तिच्या घरी फोन आहे, पण तो भावाकडे असतो.

एका वर्गावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळते. पण तुर्कस्तानात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचाच असा अभ्यास झाला आहे. चॅटजीपीटीसारखी मदत मिळालेल्या मुलांनी सरावाची गणिते 48 टक्क्यांनी चांगली सोडवली. मदत काढून परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले मदत न मिळालेल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. आणखी एका गटाला शिक्षकांच्या सूचनांवर चालणारे एआय दिले होते. ते थेट उत्तर न सांगता फक्त इशारा द्यायचे. त्या गटाचे असे नुकसान झाले नाही. म्हणजे यंत्र तेच, फरक पडला तो त्यामागे शिक्षक होता म्हणून.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा सगळीकडे त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा झाली. पुस्तक मुलांच्या कन्नड भाषेत नव्हते म्हणून गुरुजींनी आधी ती भाषा शिकून घेतली, ही गोष्ट मागेच राहिली. आधी भाषा, मग कोड, हा क्रम महत्त्वाचा आहे. मला एआयने 'भाताच्या खाचरातील लावणी'वर शाब्दिक गणित काढून दिले. आमच्याकडे धान असते, बांधी असते आणि रोवणी होते. मी शब्द बदलले आणि मुलांचे चेहरे उजळले. या वर्गात कोणाच्या घरी पोवारी आहे, कोणाच्या घरी गोंडी, आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांच्या घरी हिंदी-उर्दू. हे यंत्राला नाही, शिक्षकाला ठाऊक असते.

आता त्या मुलीविषयी. तिचे उदाहरण ऐकून 'बघा, पोरींना फोन नसलेलाच बरा' म्हणणारे आपल्या समाजात भेटतील. तो अर्थ साफ चुकीचा आहे. 'असर' 2024च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतात फोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयोगटात 36.2 टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण 26.9 टक्के. घरातला फोन दोघांनाही मिळाला पाहिजे आणि दोघांनाही उत्तर न मागता अडले तिथेच विचारण्याची सवय लावली पाहिजे.

आमच्या शिक्षण परिषदांमध्ये कोणते अ‍ॅप घ्यावे यावर तासभर बोलणे होते. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शिक्षकाने वहीत एक रकाना वाढवावा : फोन बंद केल्यावर किती आले. वर्षभर प्रामाणिकपणे भरला, तर आमच्या मुलांविषयी बाहेरच्या कोणत्याही अहवालापेक्षा जास्त कळेल. आणि अम्मी-अब्बांनो, आज रात्री जेवणानंतर फोन बाजूला ठेवा आणि मुलाला, मुलीलाही, एक गणित घाला.