धारेचा धंदा आणि विजेचे यंत्र

सायकलचे चाक फिरवून धार लावणारा कारागीर पेण-रोह्याच्या मोहल्ल्यांना नवा नाही. हे काम पिढीजात करणाऱ्या आपल्या शिकलगार बांधवांचे नावच मुळी 'सैकल', म्हणजे झिलई, या अरबी-फारसी शब्दावरून आले आहे. आता सुरीला धार लावणारे विजेचे यंत्र घरबसल्या मागवता येते. त्यामुळे धारवाल्याची रोजी बुडणार, अशी ओरड होते. आमच्या मते ही ओरड अर्धीच खरी आहे.

या यंत्रात मोटरवर फिरणारी खरखरीत चाके असतात. खाचेतून सुरी ओढली की दोन्ही बाजू ठरलेल्या कोनात, बहुधा 15 ते 20 अंशांत, घासल्या जातात. कांदा-भाजी चिरण्याच्या सुरीला एवढे पुरते. मात्र तीच सुरी आठवड्याला खाचेत घातली तर पाते भराभर झिजते. ओढताना हात थांबला तर तेथे खळगा पडतो आणि पोलाद तापून निळे झाले की त्याचे पाणी उतरते. मग धार टिकत नाही.

आणि विळीचे काय? मासळी आणि भाजी जिच्यावर चिरली जाते ती विळी या खाचेत शिरतच नाही. खाटकाच्या सत्तुराला जाड धार लागते. ती पातळ केली तर हाडावर आपटून तुकडे उडतात. कोयता, कात्री, दातेरी सुरी यांचेही काम या यंत्राचे नव्हे. म्हणजे धारवाल्याचे निम्म्याहून अधिक काम शाबूत आहे.

म्हणून दुकानदार बांधवांना सांगणे आहे की यंत्र खुशाल विका, पण त्याची मर्यादा सांगून विका. धान्याच्या ढिगात खाली ओला माल दडवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खडसावले होते, हे आपण विसरू नये. शिवाय दुकानाच्या ओट्यावर आठवड्यातून एक दिवस धारवाल्याला जागा द्या. गिऱ्हाईक दोघांचेही वाढेल.

कारागीर बांधवांनीही विजेला शत्रू मानू नये. साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे 2,800 फेरे घेतो व पाते चटकन तापवतो. त्यासाठी हात हलका ठेवावा, पाते वारंवार पाण्यात बुडवावे आणि शेवटी बारीक दगडावर कंगोरा काढावा. पाण्यातून सावकाश फिरणारे चाक मिळाले तर उत्तमच. पेण, कासू, नागोठणे, रोहा ही स्थानके एकाच रेल्वेमार्गावर आहेत. ठरल्या वारी ठरल्या गावी बसणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागणार नाही.

भांडवलाचा प्रश्न उरतो. केंद्राच्या 2023 च्या विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत लोहार आहे, धारवाल्याचे वेगळे नाव नाही. शिवाय तिचे कर्ज व्याजाचे आहे. तेव्हा जमातीच्या बैतुलमालातून एका चाकापुरती बिनव्याजी रक्कम द्यायला काय हरकत आहे? ईद-उल-अज़्हाला प्रत्येक घराला चोख धारेची सुरी हवी असते. जनावराला कमी यातना व्हाव्यात म्हणून पाते धारदार करण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे. ज्याच्या हातून ती ताकीद पाळली जाते, तो हात रिकामा राहू नये, ही जबाबदारी साऱ्या जमातीची आहे.