कमी कैद्यांचा फसवा दिलासा

दर एक लाख लोकसंख्येमागे तुरुंगात किती माणसे, या मोजपट्टीवर भारत जगातील सौम्य देशांत गणला जातो. आपला आकडा 40 च्या आसपास आहे. अमेरिकेचा 500 हून अधिक, तर मार्च 2022 पासून मूलभूत हक्क स्थगित ठेवणाऱ्या एल साल्वादोरचा हजारापलीकडे. यावर समाधान मानण्यापूर्वी तो आकडा फोडून पाहिला पाहिजे.

अन्य देशांत कैद्यांची संख्या वाढली वा घटली ती मुख्यतः राज्यकर्त्यांच्या निर्णयांमुळे. 1972 च्या सुमारास अमेरिकेच्या राज्य व संघीय कारागृहांत दोन लाखांच्या आसपास कैदी होते. 2009 पर्यंत ते सोळा लाखांवर गेले. न्यूयॉर्कचा 1973 चा अमली पदार्थविषयक कायदा आणि पुढे आलेल्या सक्तीच्या किमान शिक्षा यांचा त्यात मोठा वाटा होता. फिनलंड उलट दिशेने गेला. 1950 च्या दशकात लाखामागे सुमारे 200 असलेले प्रमाण शिक्षा सौम्य करीत त्याने 1990 च्या दशकात 60 च्या घरात आणले. शेजारी देशांच्या तुलनेत तेथील गुन्हेगारी काही भडकली नाही.

भारतात असा निर्णय कोणी घेतलाच नाही. 1 जानेवारी 1975 रोजी आपल्या तुरुंगांत 2,20,146 माणसे होती, त्यांपैकी 57.6 टक्के कच्चे कैदी. 2022 अखेर एकूण संख्या 5,73,220 झाली आणि कच्च्या कैद्यांचे प्रमाण 75.8 टक्के. शिक्षा झालेल्यांचे लोकसंख्येशी प्रमाण या काळात लाखामागे सुमारे 15 वरून 10 च्या खाली आले, तर खटल्याची वाट पाहणारे सव्वा लाखावरून 4,34,302 वर गेले. याला सौम्यपणा म्हणणे धाडसाचे आहे. आपले तुरुंग शिक्षेपेक्षा प्रतीक्षेसाठीच अधिक वापरले जातात.

कायदे झाले नाहीत असे नाही. 1979 च्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद खटल्याचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 436-अ आले. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीस कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सुटकेचा मार्ग आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे अर्थातच वगळून. पण त्याच कलमात एक खोच आहे: एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास वा खटले प्रलंबित असतील, तर सवलत नाही. एकाच माणसावर दोन-तीन किरकोळ गुन्हे नोंदवणे पोलीस ठाण्याला किती सोपे असते, हे प्रशासनात उमेदवारी केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहिलेल्यांच्या याद्या मी सेवेत असताना पाहिल्या आहेत. अशांसाठी केंद्राने 2023 मध्ये अर्थसाहाय्याची योजना आणली, ती स्वागतार्हच. मात्र कलम 479 ची मुदत ओलांडलेल्यांचा अर्ज न्यायालयाकडे पाठविण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. असे अर्ज किती गेले व किती महिने पडून राहिले, हे प्रत्येक जिल्ह्याने दरमहा जाहीर करावे; त्यासाठी नवा कायदा लागत नाही.